आईच्या रायफलीवरची दुर्बीण

आमच्या घरी एक रशियन एअर रायफल आहे. बाबा कारखान्यात नवे फिटर असताना ज्या रशियन इंजिनिअरच्या हाताखाली होते, त्याने मायदेशी परतताना ती त्यांना दिली. बाबांना तिच्यात फारसा रस नव्हता. ती उचलली आईने. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलेली, कारखान्याच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये दिवसभर एकटी. बाबांनी एका सुट्टीला नळी मधून खाली दुमडून छर्रा कसा भरायचा ते दाखवलं आणि थोड्याच दिवसांत तिने अंगणातल्या पेरूला टांगलेलं डब्याचं झाकण वाजवलं. पुढे मीना बाजार लागला की बाबा तिला फुग्यांच्या दुकानावर न्यायचे आणि स्वतः मागे हात बांधून उभे राहायचे. दुकानवाला शेवटी हात जोडायचा, "भाभीजी, बस कीजिए, बच्चों के लिए भी छोड़ दीजिए." बाबा हे वाक्य घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे. जेवणाचं कौतुक त्यांनी आईला कधी तोंडावर केलं नाही, पण हे मात्र चारचौघांत सांगायचे.

बाबा निवृत्त झाल्यावर क्वार्टर सुटलं आणि आम्ही कॅम्प-1 या वस्तीत घर घेतलं. काही वर्षांनी बाबा गेले. उरलो आई आणि मी. मी हथखोजच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करते. घर लहान असलं तरी गच्ची लांबट आहे. आईने तिच्या एका टोकाला वाळू भरलेली लाकडी पेटी ठेवली, तिच्यावर कागदाचं निशाण लावलं आणि रविवारी सकाळी स्टुलावर बसून ती नेम धरू लागली. शेजारच्या बायका पापड वाळवता वाळवता बघायच्या. आईचे खांदे तेवढ्या वेळापुरते सरळ व्हायचे. एरवी बाबा गेल्यापासून ती वाकूनच चालायची.

मग तिचे नेम चुकू लागले. आधी कागदाच्या कडेला, नंतर पेटीला, नंतर भिंतीला.

"नळी वाकली वाटते," ती म्हणाली.

मी एकदोन छर्रे मारून पाहिले. नळी सरळ होती.

"मंग माझ्यातच काही हाय. माशी दिसून नाई राहिली मले."

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो बारीक दांडा, ज्याच्यावरून नेम धरतात. वय झालं, नंबर वाढला असेल, असं मला वाटलं. पावर हाउस स्टेशनजवळच्या दुकानातून नवा चष्मा करून आणला. काही फरक पडला नाही. थोड्या दिवसांनी तिनेच विचारलं, "बेटा, रायफलीले दुर्बीण लागते ना? टीव्हीवर पायली मी."

बाबा गेल्यानंतर तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू. मला इतका आनंद झाला की दुसऱ्याच दिवशी कामावरून परस्पर दुकानात गेले.

खेळाच्या सामानाच्या त्या दुकानदाराने एक लांबलचक, चकचकीत दुर्बीण काढली. नऊपट मोठं दाखवणारी. मी ती रस्त्यापलीकडे धरली तर पाटीवरची अक्षरं अंगावर आली. मग जवळच्या भाजीवाल्याकडे वळवली. त्याच्या तराजूचा नुसता धूर झाला. "मैडम, यह दूर के लिए है," दुकानदार म्हणाला. आमच्या गच्चीवर दूर असं काही नव्हतंच.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर याच विषयाचे व्हिडिओ बघू लागले. तिथे कळलं की आमच्यासारख्या स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे, असा दोन्हीकडे बसतो. साध्या दुर्बिणीच्या काचा त्याने हलतात. मोठ्या बंदुकीवर टिकणारी दुर्बीणही इथे बाद होऊ शकते. जास्त पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीत दिसणारा तुकडा लहान होतो, उजेड कमी होतो आणि हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो. आईचा हात आता थोडा थरथरायचा. परदेशी बनावटीच्या चांगल्या दुर्बिणी माझ्या पगारात बसणाऱ्या नव्हत्या. शेवटी मला हवी ती सापडली. आखूड, फक्त चौपट मोठं दाखवणारी, खास एअर रायफलीसाठी केलेली, पुढच्या तोंडाशी फिरवायची कडी असलेली. ती कडी फिरवली की जवळचंही लख्ख दिसायचं. दिसायला साधी होती, पण आमच्या गच्चीला पुरेशी.

आता ती बसवायची कुठे? जुन्या रायफलीवर दुर्बिणीची खाचच नव्हती. आमच्या कारखान्यातला मिस्त्री म्हणाला, वरून भोकं पाडून पट्टी कसून देतो. आई ऐकेना.

"भोक पाडाचं नाई. तुझ्या बाबाची वस्तू हाय ते."

मग त्याने पट्टीला खालून रायफलीभोवती आवळणाऱ्या दोन कड्या लावल्या, आत रबर घातलं आणि धक्क्याने दुर्बीण मागे सरकू नये म्हणून एक अडसर ठेवला. मी संध्याकाळी घरी आल्यावर आधी स्वतः छर्रे मारून तिचे स्क्रू जुळवले. भोकं निशाणाच्या मधल्या ठिपक्याजवळ पडू लागली तेव्हा आईला हाक मारली नाही. रविवारची वाट पाहिली.

रविवारी आईने न्हाऊन इस्त्रीची साडी नेसली होती. स्टुलावर बसली, रायफल कठड्यावर टेकवली, डोळा दुर्बिणीला लावला. बराच वेळ तशीच राहिली.

"दिसते?"

"दिसते."

तिने चाप ओढला. भिंतीचा पोपडा उडाला. दुसरा छर्रा कुठे गेला तेही कळलं नाही.

"आई, दुर्बिणीतली फुली कुठं ठेवून राहिली तू?"

"बाजूच्या काड्या दिसते. मधात जिथं त्या मिळते ना, तिथं काही नाई."

"धूसर दिसते?"

"धूसर नाई. नाईच काही."

मी कडी थोडी फिरवली. "आता?"

"थोडं."

अजून फिरवली. "आता?"

"हो, आता बरं हाय."

पाहुण्यांनी आणलेली नावडती साडी हातात घेऊन ती म्हणायची, अगदी तसंच होतं ते 'बरं हाय'. मी वाकून दुर्बिणीतून पाहिलं. कडी फिरवून फिरवून मीच निशाणाचा धूर करून ठेवला होता.

आईने रायफल मांडीवर घेतली. "खिडकीचे गजही मधात नाई दिसत," ती म्हणाली. "लई दिवस झाले. मले वाटलं, दुर्बीण लावली त मधातलं वापस येईन."

मी तिला रायपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तिच्या डोळ्याचा फोटो दाखवला. पडद्याचा मधला भाग झिजला होता, दोन्ही डोळ्यांत. कडेचं दिसत राहील, चालता-फिरता येईल, पण वाचणं, सुईत दोरा ओवणं जाईल, असं ते शांतपणे म्हणाले. आधी आणलं असतं तर, असं मी विचारलं. हा आजाराचा सुका प्रकार, त्यावर खास इलाज नाही, फारसा फरक पडला नसता, असं त्यांनी सांगितलं.

"और निशाना?" आईने विचारलं.

"जी?"

"निशाना लगाती हूँ मैं."

डॉक्टर हसले. मग माझ्या तोंडाकडे पाहून पुन्हा फोटोकडे वळले.

परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसली होती. कुम्हारी स्टेशन गेल्यावर म्हणाली, "बरं झालं तुझे बाबा नाईत. त्यायनं लई मनावर घेतलं असतं." पावर हाउसला उतरताना पायरी तिला नीट दिसली, तरी मी तिचा दंड धरला आणि तिने धरू दिला.

दुर्बीण परत करायचं मी काढलं तर ती नको म्हणाली. "तू मार ना. मी आयकतो बसून." पुढच्या रविवारी मी एक छर्रा मारला. "कुठं लागला?" तिने विचारलं. मधात, मी म्हणाले. तो खरंच मधात लागला होता. आईने मान हलवली, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि खाली निघून गेली. मी वर एकटीच राहिले. छर्रे डबीत भरले, वाळूची पेटी भिंतीकडे सरकवली आणि रडले. नंतर रायफल वर नेली नाही. तिला तेल मात्र लावते.

परवा सकाळी चहा घेताना आई माझ्या कानाच्या पलीकडे टक लावून पाहत होती. मागे कोणी आलं की काय म्हणून मी वळून पाहिलं. दार बंद होतं.

"कोणाले पाहून राहिली?"

"तुलेच. सामोर पायलं त तुझं तोंडच जाते. असं बाजूनं पायलं की येते."

मी कप खाली ठेवला आणि हलले नाही. ती बराच वेळ तशीच, माझ्या बाजूच्या रिकाम्या भिंतीकडे बघत राहिली.

"केस पिकले तुझे," म्हणाली.