हळद लागलेल्यांना सोडून

आमचं घर विणकरांचं. हातमाग बंद पडला तेव्हा बाबांनी हाताला येईल ते काम धरलं, आणि त्यातलंच एक म्हणजे पावसाळ्यात कॉलेजला चिरफाडीच्या प्रॅक्टिकलसाठी बेडूक पुरवणं. सत्तरच्या दशकात नंदनवन वस्तीच्या पलीकडे एक मोठं डबकं होतं, तळंच म्हणा. बाबा पहाटे तिथे जात आणि ओल्या पोत्यात बेडूक घेऊन येत. अंगणात ठेवलेलं पोतं आपोआप सरकायचं. साधेसुधे बेडूक नव्हेत ते. तळहातात न मावणारे, उंदराचं पिल्लूसुद्धा गिळणारे, वेळ आली तर भाऊबंदांनाही न सोडणारे. एरवी ते शेवाळी, मातकट असतात. पण पाऊस मुरला की त्यातले काही एकदम पिवळेधमक होतात, गळ्याशी दोन निळे फुगे येतात, आणि मग जो कल्ला सुरू होतो, बाप्पा!

ही पिवळी मंडळी बाबा कधी धरत नसत. "नवऱ्या आहेत त्या. हळद लागली त्यांच्या अंगाले," ते म्हणत. हळद लागलेल्या नवरीला आपण उंबरठा ओलांडू देत नाही, मग तिला पोत्यात कसं भरायचं? आई चिडवायची, "नवरी अशी बोंबलते का जी कुठं?" बाबा हसत, पण ऐकत नसत. मला त्यांचा फार अभिमान वाटे. पोटासाठी धरायचं, पण त्यातही ज्याला सोडायचं त्याला सोडायचं, हे किती लोकांना जमतं?

मग मी त्याच कॉलेजात बीएस्सीला गेले. पहिलंच प्रॅक्टिकल. माझ्या ट्रेमध्ये बाबांनी धरलेला बेडूक. हे मी कुणाला सांगितलं नाही. लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पोटावर कात्री चालवली आणि आत अंडीच अंडी. मोहरीसारखी काळी, हजारोंनी. शेजारणीच्या ट्रेमध्ये तेच, पलीकडे तेच. सर फिरत फिरत म्हणाले, "दरवर्षीचंच आहे हे. अंडी उपसून टाका, म्हणजे बाकीचं दिसेल." मी विचारलं, मग नर कुठे आहेत? सरांनी सहज सांगितलं, या दिवसांत पिवळा होतो तो नर. मादी पिवळी होत नाही.

मी कात्री खाली ठेवली. बाबा नवरदेव सोडत होते आणि पोटुश्या बाया पोत्यात भरत होते. तेही वर्षानुवर्षं, दया म्हणून! आणि घरी तेच हळहळत, की तळ्यात बेडूक कमी होऊन राहिले. घरी पोचेपर्यंत मी नुसती धुमसत होते. सांगावं तर त्यांनी एवढं जपलेलं पुण्य मातीत जातं. न सांगावं तर उद्याचं पोतं भरतं.

बाबा पोतं धुऊन वाळत घालत होते. मी तडकूनच म्हणाले, "बाबा, हळद नवरदेवालेही लागते ना?"

"लागते ना वं. काहून?"

मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी वाळत घातलेलं ओलं पोतं पुन्हा खाली ओढलं. रागावतील, निदान मला गप्प बसवतील असं वाटलं. पण ते म्हणाले, "तुमचे सर दरवर्षी पोट फाडून पाहत होते ना?"

"हो."

"म्हणजे त्यायले माहीत होतं."

"हो."

"मग मले एका शब्दानं काहून नाही सांगितलं? पोतं द्यायले मी कॉलेजच्या दारातच तर उभा राहत होतो."

बाबा पुन्हा तळ्यावर गेले नाहीत. कॉलेजनं दुसरा माणूस पाहिला. मी तीन वर्षं त्याच सरांच्या हाताखाली शिकले, चांगल्या मार्कांनी पास झाले, आणि बाबांचा तो प्रश्न मी त्यांना एकदाही विचारला नाही.