खार उतरेपर्यंत

दिनांक ९ फेब्रुवारी १९४६, सकाळचे सव्वासहा. भिंगारहून आमचा टांगा निघाला तो या वेळी. लष्करी गाड्यांवर क्रमांक रंगवणारा मी साधा नोकर. पलटणीमागोमाग सयामला चाललो होतो. वडील दुकानांच्या पाट्या रंगवीत. दारातून म्हणाले, “तिकडं लई दिस राहू नको. तिकडचाच होशील.”

भिंगारला राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या पांगलेल्यांसाठी हे लिहितो आहे.

बँकॉकला नदीकाठच्या विहारात एक चित्रकार भिंती रंगवीत असे. लोक त्यांना आचार्य म्हणत. वीस वर्षे भिक्षूच्या चीवरात काढून ते संसारात परतले होते. दुपारनंतर मात्र अजूनही जेवत नसत. त्यांच्या चित्रांत सावली नव्हती. मोह घालणाऱ्या माराचे सैन्य चालून येते तिथेही बुद्धाची मुद्रा निजल्या बाळासारखी. खाली कोपऱ्यात मासे विकणाऱ्या बाया, भांडणारी कुत्री. सही कुठेच नाही. चित्राचे पुण्य दिवंगत आईला वाहिलेले, मग नाव कशाला, म्हणत. नदीचा उजेड भिंतीवर हलू लागला की ती सारी माणसे पाण्याखालून चालत. सुटीच्या दिवशी मी तिथे नुसता बसून राही.

पावसाळा सरला, पलटण परत निघाली. जहाजाला आठ दिवस होते. एव्हाना त्यांची भाषा मला कामापुरती येत होती. आचार्यांना विचारले, “हाताखाली ठेवून घ्याल का?” एक कोरी भिंत दाखवून ते म्हणाले, “पाल्याच्या काढ्याने धुऊन घे. हळद लावून बघ. तयार झाली की अस्तर चढव.” आणि दोन दिवस गावाला गेले.

भिंत धुतली, हळद लावली. भिंत लाल झाली. घरी आई हळदीत चुन्याची निवळी घालून कुंकू करी. लाली चढली की कुंकू साधले. मी भिंतीला हात जोडले आणि चिंचोक्याच्या खळीत खडू कालवून अस्तर चढवले. अशीच खळ आमच्याकडे धनगर घोंगडीला देतात. हाताला ती ओळखीची होती.

आचार्य परतले. नखाने अस्तर उचकटले. “लाल म्हणजे चुन्यात अजून खार आहे. हळद पिवळीच राहायला हवी. यावर रंगवलं तर वर्षात पोपडे पडतील.”

मी कुंकवाचे सांगितले. आमच्याकडे नवरीच्या कपाळी लावतात, म्हटले. ते मोठ्याने हसले. “भिंतीचं लग्न लावलंस होय! मुहूर्त तरी बघायचास.” मग हसू आवरून म्हणाले, “सगळं खरवड. पुन्हा धू. दहा दिवस जातील.”

जहाज सहाव्या दिवशी सुटणार होते. हे त्यांना ठाऊक होते.

त्याला फार वर्षे झाली. आई-वडील गेल्याचे मला पत्रांतून कळले. इथे मी भात खातो, नातवंडांशी त्यांच्या भाषेत बोलतो. स्वप्नात मात्र भिंगारचे लोक त्या नदीच्या उजेडातून चालतात, सावलीवाचून. तुमचे घर कोणते, असे नातवंडे विचारतात. जिथे माझी चूक मलाच खरवडायला लावली आणि मला हाकलले नाही, ते. भिंगारने मला कधी हाकलले नव्हते, हेही खरे. याहून नेमके मला सांगता येत नाही.

आचार्यांनी खरवडायला सांगितले त्या दिवशीच वडिलांना कार्ड लिहिले, ‘या जहाजाने येत नाही. काम मिळाले.’ ते पेटीत टाकून आलो, हातभर जागेचे अस्तर खरवडले, उद्याच्या काढ्याचा पाला कढईत भिजत घातला आणि वर झाकण ठेवले.