भागीचा कोंडवाडा

भागूबाई माझी धाकटी जाऊ. आमी तिला भागीच म्हनायचो. एका जागी बूड टेकनं तिला ठाऊकच न्हवतं. भाकरी थापता थापता गोठ्यात डोकावून यायची. जेवताना सुदिक एक गुडघा वर, कुनी हाक मारली की उठलीच. बाळंतीन झाली अन् बाराव्या दिशी डोईवर हंडा घेऊन निघाली. तवा सासूबाई म्हनाल्या, "अगं बाई, हिला बांधून घाला रं कुनीतरी!" असल्या बाईला आमी एकोनीस दिवस कोंडलं. आमी म्हंजे मीबी त्यात हुतेच, लपवून काय करू?

साल त्र्याहत्तर. शेवगावच्या अलीकडं रस्त्याला लागून आमची वस्ती. भागी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, चार म्हयन्याचा मच्छिंद्र झोळीत घालून. तिथं कुना कुनाच्या पोरांना गोवर निघालता म्हनं. एका सांजेला ही शिंकतच घरी आली. नाक गळतंय, डोळे लालभडक, कोरडा खोकला थांबंना. तीन दिवस तापानं नुसती फनफनली. चौथ्या दिशी कानामागं पुरळ उठलं, मग तोंडावर, मग गळ्याखाली. बारीक, लाल लाल.

भागी वाढली डोंगराकडच्या एकट्या वस्तीवर, तिला लहानपनी गोवर कधी निघालाच न्हवता. पर लेकुरवाळ्या बाईला गोवर निघंल, हे आमच्या कुनाच्या डोक्यात आलं न्हाई. सासूबाईंनी एकवार बघितलं अन् हात जोडले, "देवी आली घरात." झालं! दाराला लिंबाचा डहाळा लागला. फोडनी बंद, औषीद बंद, भागीच्या नवऱ्याची, बन्सीभावजींची, दाढी बंद. पोरगं उचललं अन् माझ्या ओटीत घातलं. माझी रतन तवा वर्साची, अंगावर पीत हुती. म्हनाल्या, "एकीला पाजतीस तशी दोघांना पाज."

दुसऱ्या दिशी देवी टोचनारा सरकारी मानूस वस्तीवर आला. डहाळा बघून अंगनातच थबकला. उंबऱ्याच्या आत पाय घातला न्हाई बाबानं! लांबूनच भागीचं तोंड बघितलं अन् वहीत लिहाया लागला.

भागी आतून वरडली, "अहो साहेब, माझ्या दंडावर टोचल्याची खून हाय, बघा की!"

"टोचलेल्यांनाबी येत्यात," म्हनला अन् सायकलीवर टांग टाकून गेला. सांजेला कोतवाल दारात येऊन बसला. नगरहून डाक्टर येऊन बघेस्तवर बाई भायेर काढायची न्हाई, असा हुकूम.

खोली चार पावलांची. वर पत्रा, चैताचं ऊन, अन् हातभर खिडकी. भागी आत येरझारा घालायची, बैल घान्याला फिरतो तशी. मच्छिंद्र भायेर रडला की हिचा आत पान्हा फुटायचा, चोळी भिजायची. खिडकीशी येऊन म्हनायची, "जाऊबाई, एकडाव नुसता दावा तरी." मी दावायला गेले की सासूबाई खेकसायच्या, "पोराचा जीव घ्यायचाय का?"

मग तिनं वाटीत दूध पिळायला सुरवात केली. सांजसकाळ खिडकीतनं वाटी द्यायची. "त्याला माझंच पाजा. माझी चव इसरला तर तो माझा ऱ्हायचा न्हाई."

मी वाटी घ्यायचे अन् परसात न्हेऊन वतायचे. सासूबाईंचा सक्त हुकूम हुता, अन् मलाबी भ्या वाटत हुतं, खोटं का बोलू? वाटी धुऊन परत द्यायचे तवा भागी इचारायची, "प्याला?"

"व्हय, घटाघटा प्याला."

तिचं तोंड असं फुलायचं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं.

सहा दिवसांत पुरळ काळवंडलं, अंगावरनं कोंडा झडाया लागला. फोड न्हाई, पू न्हाई. आंधळ्यालाबी कळलं असतं! बन्सीभावजी म्हनले, "आई, हा गोवरच हाय, सोड तिला." सासूबाई म्हनाल्या, देवीची पाठवनी मंगळवारीच व्हनार. मंगळवारी आतच आंघोळ घातली, दहीभाताचा निवद दावला, डहाळा काढला. भागी उंबऱ्यापत्तुर आली तर कोतवाल आडवा. "वैनी, माझ्या नोकरीवर उठू नगा." देवीनं सोडलं तर सरकारनं धरलं. त्या दिशी भागीनं दाराला लाथा घातल्या, भिंतीवर कपाळ आपटलं. मला वाटलं, ही आता याडी व्हनार. पर सांजेला खिडकीतनं वाटी आलीच.

एकोनिसाव्या दिशी डाक्टर आला. भागीला उजेडात उभी केली, हात उलटेपालटे करून बघितले. "कुनी सांगितलं ही देवी म्हनून? साधा गोवर हुता हो हा!" टोचनाऱ्यानं डहाळा बघितला हुता, अन् आमी सासूबाईंच्या तोंडाकडं. बाईच्या अंगाकडं कुनी बघितलंच न्हवतं.

भागी धावतच आली अन् मच्छिंद्राला माझ्या कडेवरनं वढून घेतलं. त्यानं असा टाहो फोडला! ती पदराखाली घेती तर हा मान फिरवतो, माझ्याकडं झेपावतो, माझा पदर सोडीत न्हाई. तिची चोळी दुधानं भिजलेली अन् पोरगं तोंड लावंना.

"रोज माझंच दूध पीत हुता ना?" तिनं इचारलं. "मग मला वळखंना कसा?"

सासूबाई तिथंच हुत्या. मी मनाशी म्हनलं, आता काय व्हायचं ते व्हवू दे. "भागे, एक थेंबबी दिला न्हाई त्याला. रोज परसात वतलं."

मला वाटलं, झिंज्या धरंल. धरल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं पोराच्या मुठीतनं माझा पदर सोडवला. म्हनाली, "जाऊबाई, तुमी आज माहेराला जा. तुमचा वास असंपत्तुर तो माझ्याकडं यायचा न्हाई."

मी रतनला काखेला मारलं अन् निघाले. दीड दिवस पोरगं उपाशी रडलं म्हनं. सासूबाई मला आनाया मानूस धाडनार हुत्या, तर भागी दारात आडवी झाली. तिसऱ्या पहाटे तो लागला, अन् मग सोडता सोडंना.

आठ दिवसांनी मी परत आले तवा मच्छिंद्र भागीच्या मांडीवर हुता. मी हात पुढं केले, "ये रं राजा." त्यानं माझ्याकडं बघितलं अन् रडत तिच्या पदरात तोंड खुपसलं. "बरं झालं गं बाई," असं मी मोठ्यानं म्हनले, अन् गोठ्यात जाऊन पोटभर रडले.