आमच्या बॅरिस्टरसाहेबांची ना हरकत

मागच्या सोमवारी शाळेतून हाफ डे टाकून जालन्यात मस्तगडला गेले. काम म्हणाल तर एक सही... बॅरिस्टरसाहेबांची. आता सगळे त्यांना आमदारसाहेब म्हणतात, पण आमच्या घरात ते अजून बॅरिस्टरच आहेत.

आधी भानगड सांगते. आईचं माहेर वडीगोद्रीचं. आजोबा गेल्यावर मामांनी वारस नोंदीचे कागद म्हणून तिच्या सह्या घेतल्या आणि निघालं ते हक्कसोडपत्र. हायवेला लागून असलेल्या जमिनीतला तिचा वाटा गेला. सख्ख्या भावांवर दावा लावायचा म्हटल्यावर दोन वकिलांनी तिलाच समजावून घरी पाठवलं होतं.

केस घेतली ती बॅरिस्टरसाहेबांनी. माणूस मूळचा हसनाबादचा, शेतकऱ्याच्या घरातला. विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाला आणि मुंबईत न रमता जालन्याच्या कोर्टात येऊन उभा राहिला. आईला समोर बसवून त्यांनी तिची सगळी हकीकत ऐकली, मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही. तसा वकील मी पुन्हा बघितला नाही.

आणि मग लोकांनी त्यांना निवडून दिलं. आम्हीही दिलं... घरातली चारही मतं. आधी जिल्हा परिषद, नंतर विधानसभा. आपणच आपला वकील घालवून बसलो, हे कळायला आम्हाला बराच वेळ लागला.

सुरुवातीला त्यांचा ज्युनियर येऊन तारीख मागायचा. मग तोही नगरसेवक झाला! गेल्या तीन तारखांना आईच्या नावाचा पुकारा झाला आणि कोणीच उभं राहिलं नाही. शेवटी जजसाहेबांनी सांगितलं, पुढच्या वेळी वकील नसेल तर दावा खारीज. एक वकील मॅडम तयार झाल्या, पण पहिल्या वकिलांची ना हरकत लागते म्हणाल्या. नव्या वकीलपत्रावर साहेबांची सही, बस. हातात होता एक आठवडा.

तर मस्तगडचं ऑफिस... जिथे कायद्याची पुस्तकं होती, तिथे आता सत्कारात मिळालेली स्मृतिचिन्हं. पीए भाऊंसमोर छापील पत्रांचे गठ्ठे. दवाखान्याचं, बदलीचं, ॲडमिशनचं. "ताई, कोणतं पाहिजे?"

मी म्हटलं, साहेबांकडची केस काढून दुसऱ्या वकिलाकडे द्यायची आहे. भाऊ बघतच राहिले. साहेबांकडे काही मागायला रोज माणसं येतात, काढून घ्यायला आलेली मी पहिलीच असणार. "म्हंजे साहेबांना सोडून राह्यले का तुम्ही?" मी वैतागून हो म्हटलं... आणि तिथेच चुकलं.

बुधवारी संध्याकाळी दोन कार्यकर्ते शाल-नारळ घेऊन दारात हजर. आईला शाल पांघरली, फोटो काढला. "मावशी, नाराजी असंल तं बसून मिटवू. समोरच्या पार्टीनं काय कबूल केलं तेवढं बोला." पक्ष नाही हो, केस सोडतोय, हे सांगून सांगून माझा घसा कोरडा पडला. दोघं माना हलवत राहिले आणि निघताना एकाने हळूच विचारलं, "मंग घरात मतं किती म्हणायची?"

गुरुवारी पीए भाऊंनी बोलावून पाकीट दिलं. मी ते न उघडता धावत मॅडमकडे नेलं. आत लेटरहेडवर चक्क न्यायाधीशांच्या नावाने पत्र! सदर महिला माझ्या परिचयाच्या असून त्यांच्या प्रकरणी योग्य ते सहकार्य करावे. खाली साहेबांची झोकदार सही.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "हे कोर्टात दिलं तर तुमची केस राहील बाजूला, साहेबांनाच वकील शोधावा लागेल." मला हसूही आलं नाही. एका बॅरिस्टरने जजला शिफारसपत्र द्यावं... न वाचताच सही केली असणार, दुसरं काय. मी अगदी रडकुंडीला आले होते.

शुक्रवारी साहेब हसनाबादला एका सभागृहाच्या उद्घाटनाला येणार होते. आई म्हणाली, मीच येते. एसटीने गेलो, दीड तास मंडपाच्या कडेला उभ्या राहिलो. भाषण संपवून साहेब गाडीत बसले आणि खिडकीतून दहा-पंधरा हात कागद घेऊन आत शिरले. साहेब फोनवर बोलता बोलता सटासट सह्या करत होते.

आमचं वकीलपत्रही त्यांच्या मांडीवर पोचलं. पेन टेकणार, तेवढ्यात आईने आत हात घालून कागदावर तळवा ठेवला.

"न वाचता नका करू साहेब. मी तशीच केल्ती, म्हणून तं तुमच्याकडं आल्ते."

साहेबांनी फोन बंद केला, चष्मा लावला आणि कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग तिच्याकडे बघून म्हणाले, "ताई, मी येतो ना सोमवारी. स्वतः उभा राहतो."

मला वाटलं, झालं... आता ही विरघळणार. इतकी वर्षं घरात त्यांच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेतला नव्हता तिनं. पण ती म्हणाली, "तुम्ही मोठे झाले, मला आनंदच हाय. पण मी लई वाट पाह्यली तुमची. आता मोकळं करा मला."

साहेबांनी सही केली. केसचा नंबर पुन्हा तपासला, खाली तारीख घातली आणि कागद स्वतःच्या हाताने तिला दिला. माझा आठवडाभराचा राग होता, त्यांचा चेहरा बघून तोही धड काढता आला नाही.

काल सोमवार. पुकारा झाला, मॅडम उठून उभ्या राहिल्या, वादीतर्फे हजर म्हणाल्या. दोन मिनिटांत सगळं आटोपलं आणि पुढची तारीख पडली.

बाहेर आल्यावर मी चिडून म्हटलं, एवढं करून पुन्हा तारीखच ना गं. आई पायऱ्यांवर बसून पदराने डोळे पुसत होती.

"पडू दे तारीख," ती म्हणाली. "आज माझ्या नावाला कोणीतरी उठलं."