नवसाची पावलं

मुलगी तीन वर्षांची होती तेव्हा सासूबाईंनी शिमग्यात पालखीसमोर नवस बोलला. पोर चालायला लागली की देवीला चांदीची पावलं वाहीन, असा. देवरूखकडच्या आमच्या गावी पालखी अंगणात टेकली होती, मी ओटी भरत होते आणि मुलगी माझ्या खांद्यावर मान टाकून पडली होती. जन्मताना तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला. ती चालणार नाही, बसणार नाही, बोलणारही नाही, हे डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. त्यामुळे नवस ऐकून मला रागच आला. मी काही फार देवभोळी नाही. पण झालं असं की नवस बोलला सासूबाईंनी आणि वाट बघायला लागले मी.

ही गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितली नाही. रत्नागिरीच्या घरात मुलीला आंघोळ घालताना मी तिचे तळवे बघायची. नऊ वर्षांची झाली तरी ते तान्ह्या बाळासारखे मऊ होते. एखाद्या दिवशी अंगठा हलायचा आणि माझा तो दिवस बरा जायचा.

तिला तेल लावायचं काम सासूबाईंचं. माझ्या लग्नापासून त्या आमच्याकडेच असत, गावच्या घराकडे सणापुरत्या जात. रोज सकाळी खोबरेल कोमट करून मुलीला आडवी मांडीवर घ्यायची, पाय चोळायचे आणि गावच्या साऱ्या भानगडी तिला सांगायच्या. कोणाच्या बांधावरून कोण भांडलं, कोणाची म्हैस व्याली. मुलगी हसायची. ती मोठ्याने हसायची ती फक्त आजीकडे. आमच्यापाशी ती नुसती गप्प पडून असायची, याचं मला वाईट वाटायचं आणि थोडा हेवाही.

नवरा बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. हात चांगला होता, बाहेरून बोलावणी यायची. एका देशाने आम्हा दोघांना हो म्हटलं आणि मुलीला नाही. तिच्या औषधपाण्याचा भार त्यांना नको होता. तेव्हा सल्ले देणाऱ्यांना ऊत आला. "पोरीला आजीपाशी ठेवा नि तुम्ही जा, तिला काय कळतंय?" असं माझ्या सावर्ड्याच्या सख्ख्या मामाने सांगितलं. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? मी त्याच्याशी वर्षभर बोलले नाही.

मग जर्मनीतून विचारणा झाली आणि त्यांनी मुलीसकट घेतलं. तिथे तिच्यासारख्यांची शाळा होती, रोज व्यायाम घेणारं माणूस होतं, आणि मुख्य म्हणजे आमच्यानंतर तिला बघणारं कोणीतरी होतं. रत्नागिरीत मला हीच एक भीती झोपू द्यायची नाही. आम्ही जायचं ठरवलं. सासूबाई म्हणाल्या, मी गावच्या घरी जाईन, तुमच्या बर्फात माझा काय काम? त्या आल्या असत्या तरी त्यांना कोणी परवाना दिला नसता, हे त्यांना माहीत होतं. आणि मुलीला एवढा प्रवास एकदाच झेपेल, पुन्हा पुन्हा नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे काय ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

निघायला थोडे दिवस राहिले तेव्हा सासूबाईंनी विषय काढला. "नवस डोक्यावर घेऊन परमुलखात जाऊ नये. सोडवून घे."

मी भांडी घासत होते. म्हटलं, "देवीने तिचं काम केलं नाही. मग आपण का करायचं?"

"तिनं नाय केलान, म्हणून तर सोडवायचा. बोललेली वस्तू तिची. ती द्यायची नि मोकळा व्हायचा."

"नवस तुमचा होता, आई. तुम्हीच सोडवा."

त्या म्हणाल्या, "बोलले मी. पण धरून तू बसल्येस गो."

हातातलं पातेलं मी तसंच आपटलं आणि बाहेर गेले. म्हातारीला सगळं ठाऊक होतं. नवस सोडवायचा म्हणजे गावासमोर म्हणायचं की ही चालणार नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं मी ऐकलं होतं, पण स्वतःच्या तोंडाने कधी म्हटलं नव्हतं.

तरी दुसऱ्या दिवशी मी सोनाराकडे गेले. आमच्याकडे चांदीची पावलं कोणी हौसेने घेत नाही. नवस फिटला की घेतात. मी एवढी चिडलेली होते की हे माझ्या लक्षातच आलं नाही. सोनाराने बोटाएवढी दोन पावलं मखमलीवर ठेवली आणि त्याचा चेहरा एकदम फुलला. "म्हणजे चालायला लागली लेक! वहिनी, फार बरं वाटलं बघा."

त्याने मुलीला कडेवर बघितलेली होती. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "हो" म्हटलं. ते म्हणताना मला इतकं बरं वाटलं की मी आणखी बोलले. धरून धरून चालते, म्हटलं. खिडकीपर्यंत जाते. त्याने नोकराला पाठवून पेढे आणवले आणि मी ते घेतले.

बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. संध्याकाळी आमच्या रोजच्या मासेवाल्या मावशी दारात आल्या. एरवी त्या पायरीवर टोपली उतरवून माझ्याशी बांगड्यांवरून घासाघीस करायच्या. आज टोपली नव्हती, हातात नारळ होता आणि त्या धापा टाकत होत्या.

"खरा काय गो? पोर चालली म्हनत्यात बाजारात."

मुलगी नेहमीसारखी चटईवर होती. उशी पाठीला लावून, कुशीवर. मावशींनी तिला बघितलं. मग मला बघितलं. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हटलं, "नाही मावशी. नाही चालत. चालायची नाही ती."

तेव्हा मी ते पहिल्यांदा म्हटलं. मावशींनी नारळ जमिनीवर ठेवला आणि माझ्याशेजारी बसल्या. म्हणाल्या, "मग तुमी कधी जाताव सांग, म्हणजे येईन बघाया." आतून सासूबाई आल्या, त्यांनी तो नारळ फोडला आणि मुलीच्या ओठांना पाणी लावलं. तिघी रडलो. मुलीला पाणी आवडलं, ती जीभ बाहेर काढत राहिली.

गावी जाऊन गाऱ्हाणं घातलं. वाडीतले सगळ्यात वयस्कर मानकरी देवळात उभे राहिले, पावलं देवीपुढे ठेवली आणि मोठ्याने म्हणाले, "बाय माझे आई, ह्या लेकराच्या पायांसाठी बोलना केला हुता. तुझ्या मनात नसल. तुझी वस्तू तुला पावती कर नि ह्यांना मोकळी कर. लेकरू जिथं जाईल तिथं त्याच्या पुढं नि मागं ऱ्हा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." सासूबाईंचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

निघायच्या सकाळी त्यांनी नेहमीसारखं तेल लावलं. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा त्या हात करत नव्हत्या. तेलकट हात पदराला पुसत उभ्या होत्या.

इथे येऊन पहिला शिमगा आला. मुलीला शाळेने एक चौकट दिली आहे. तिच्यात तिला पट्ट्यांनी बांधून उभं करतात. गुडघ्याला पट्टा, कमरेला, छातीला. रोज सकाळी थोडा वेळ. पायात तिच्या मापाचे बूट असतात. त्यांचे तळ अजून नव्यासारखे आहेत. पहिल्यांदा तिला तशी उभी केली तेव्हा ती माझ्या खांद्याशी आली. आम्ही तिला कायम आडवीच बघितलेली, ती एवढी असेल हे कोणाच्या ध्यानातच नव्हतं.

सासूबाईंनी गावाहून फोन लावला. पुतण्याने त्यांना फोनवर दिसण्याची सोय करून दिली होती. मागे ढोल वाजत होते, पालखी अंगणात होती. मी फोन मुलीसमोर धरला. ढोलाचा आवाज ऐकून मुलगी हसायला लागली. इथे आल्यापासून पहिल्यांदाच.

"उभी हाय?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला. "उभी हाय ती?"

मी फोन छातीच्या वरच धरून ठेवला होता. पट्टे दिसत नव्हते. पण आता ते खोटं मला पुरेना. मी फोन हळूहळू खाली नेला. छातीचा पट्टा, कमरेचा, गुडघ्याचा, मग बूट. सासूबाईंनी सगळं बघितलं. ढोल वाजतच होते.

"वर घे," त्या म्हणाल्या. मी पुन्हा तोंड दाखवलं.

"उंच झाली गो," त्या म्हणाल्या. "आता मला उचलायची नाय ती."

"उचलाल हो आई," मी म्हटलं. "हलकीच आहे अजून."