डाव्या हाताची मुक्की

आमच्या घरात फुटबॉलचा सामना लागला की मी आधी कपबश्या उचलते. ही शिस्त मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी स्वतःला लावून घेतली. मी नागपूरची. माहेरी क्रिकेट हरलं तर वडील जेवत नसत, यापुढे मजल गेली नव्हती. इथे काशीत, दुर्गाघाटाच्या गल्लीत, माझा नवरा आणि माझा दीर फुटबॉलवरून एकमेकांना मारायचे. खरोखर मारायचे, आणि पन्नाशी उलटली तरी मारायचे.

नवरा वैदिक. खालच्या खोलीत सकाळी मुलांना शुक्ल यजुर्वेद शिकवतो. या वेदाचे स्वर नुसते गळ्यातून काढून भागत नाही. उजवा हात वर, खाली, बाजूला नेत प्रत्येक स्वर दाखवावा लागतो. बोटं जुळलेली, तळवा किंचित खोलगट. मुलं गुरुजींच्या हाताकडे बघत बसतात आणि अगदी तस्साच आपला हात हलवतात. हे पुस्तकातून येत नाही, हातावरून हातावर येतं. यांच्याकडे ते वडिलांच्या हातावरून आलं.

दीर रेल्वेत आहेत, खेळाडूंच्या कोट्यातून लागलेले. वरच्या मजल्यावर एकटेच राहतात, जेवायला आमच्यात. आता खरी मेख अशी, की दोघांत चांगला खेळायचा तो थोरला, असं गल्लीतले म्हातारे आजही सांगतात. पण थोरल्याचा आवाज चांगला निघाला, म्हणून सासऱ्यांनी त्याला वेद दिला. धाकट्यालाही मुंजीनंतर तीन-चार वर्षं पाठाला बसवलं, मग कंटाळून मैदानावर सोडून दिलं. तेव्हापासून एकाला वाटतं आपल्याला खेळू दिलं नाही, आणि दुसऱ्याला वाटतं आपल्याला लायक समजलं नाही. दोघांनी हे कधी तोंडाने म्हटलं नाही. टीव्हीवर भारताचा संघ दिसला की मात्र हात सुरू व्हायचे.

हात कसे चालवायचे तेही सासऱ्यांनीच शिकवलेलं. दुर्गाघाटाची मुक्की, म्हणजे ठोशांची लढत, जुनी. कार्तिकात घाटाच्या पायऱ्यांवर इकडच्या आणि तिकडच्या मोहल्ल्यांतले पुरुष नुसत्या मुठींनी एकमेकांना बुकलून काढत, रक्त निघालं की गंगेत धूत आणि गळाभेट घेऊन घरी जात. मी आले तोवर त्यातलं फारसं उरलं नव्हतं, पण सासऱ्यांनी दोन्ही मुलांना गच्चीवर तयार केलं होतं. थोरल्याला एक नियम जास्तीचा होता. ज्या हाताने स्वर दाखवायचा, तो हात कुणावर उचलायचा नाही. मारायचं तर डाव्याने. हे डाव्याने मारत आणि भावजी दोन्ही हातांनी, त्यामुळे हिशेब कधी सुटत नसे.

मग आशिया चषकाची पात्रता फेरी आली. आपल्या गटात चार संघ होते आणि पुढे जाणार होता फक्त पहिला. बांगलादेश, हाँगकाँग, सिंगापूर ही नावं ऐकून दोघंही खूश झाले. भावजी म्हणाले, "आसान ग्रुप आहे दादा, झोपेतही निघून जाऊ."

बांगलादेशशी आपल्याच घरी गोलशून्य बरोबरी झाली. त्या दिवशी भावजींनी स्टूल लाथाडलं, ते खिडकीच्या गजांवर आपटून फुटलं. यांनी उशी फाडली. मी म्हटलं, दोघांनी मिळून कापूस वेचा, आणि दोघांनी मुकाट्याने वेचला.

हाँगकाँगशी सामना भर उन्हाळ्यात होता. शेवटच्या मिनिटांत आपल्या गोलकीपरची चूक झाली, त्यांना पेनल्टी मिळाली आणि सामना गेला. हे म्हणाले, "मुठी बांधून पुढे यायला नको होतं." भावजी म्हणाले, "तुला काय मालूम?" यांची डावी मूठ भावजींच्या कानाखाली बसली. भावजींनी यांची शेंडी धरून डोकं खाटेच्या माच्यावर दाणकन आपटलं. भुवई फुटली. रक्त मी पुसलं, जरा जोरातच. मी दोघांना सांगितलं, पुढच्या सामन्याला टीव्ही गंगेत टाकीन. दोघं हसले. पालथ्या घड्यावर पाणी.

त्याच उन्हाळ्यानंतर आपला बायकांचा संघ त्यांच्या गटात सगळ्यांना हरवून पहिला आला. तो निर्णायक सामना आमच्या घरात कुणी लावलाही नाही. निकाल मी कामावर, बँकेत, जेवणाच्या सुट्टीत वाचला आणि घरी येऊन सांगितला. दोघंही "अच्छा?" म्हणाले आणि हाँगकाँगच्या पेनल्टीवर परत आले.

सिंगापुरात अगदी शेवटी गोल करून बरोबरी साधली, तेव्हा दोघं गळ्यात गळे घालून नाचले. पाचच दिवसांनी तोच संघ आपल्याकडे यायचा होता. तो सामना हरलो तर खेळ खल्लास, हे मलाही पाठ झालं होतं. इथला कार्तिक लागला होता, आमच्या मराठी पंचांगात अजून आश्विनच. घाटावर बांबूंना आकाशदीप चढले होते. मी कपबश्या उचलल्या, पितळी तांब्यासुद्धा उचलला.

आपण आधी गोल केला. मग त्यांनी एक केला, मग दुसरा. शेवटची शिट्टी झाली. मग हे उठून टीव्हीसमोर उभे राहिले आणि हात हलवत सांगू लागले, बचाव कसा उभा राहायला हवा होता, कुणी कुठे धावायला हवं होतं. बरोबरही असेल ते. भावजी खाटेवरून म्हणाले, "दादा, तू मैदानात उतरलास कधी? खोलीत बसून हात हलवायला काय लागतं?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. मला वाटतं त्यांना फुटबॉलबद्दलच बोलायचं होतं. पण यांनी ते तसं ऐकलं नाही. मी यांचा उजवा खांदा मागे जाताना पाहिला आणि ओरडले, "अहो, उजवा!" तोवर मूठ भावजींच्या तोंडावर बसली होती. हाड मोडल्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, सुकी काटकी पायाखाली यावी तसा. कुणाचं हाड ते कळेना. भावजींनी दोन दात तळहातावर थुंकले, त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं, आणि मग यांना चौकटीवर रेटून बरगड्यांत मारत सुटले. एक, दुसरी, तिसरी, थांबेचनात. हे उलट मारत नव्हते. उजवा हात छातीशी धरून नुसते खात होते. मी पाण्याची भरलेली कळशी दोघांवर रिकामी केली आणि मग ती रिकामी कळशी भावजींच्या पाठीत घातली. तेव्हा ते थांबले. जमिनीवरचं पाणी गुलाबी झालं होतं. टीव्हीवर जाहिरात चालू होती.

मी एक्स-रे काढा म्हणत होते. हे अखाड्यातल्या पहिलवानाकडे गेले. त्याने तेल लावून, ओढून, पट्टी बांधून दिली. आठवड्याने हात सुजून वांग्यासारखा झाला तेव्हा मी हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हाड वाकडं जुळायला लागलंय, उशीर केलात. प्लास्टर घातलं. मी त्या माणसांच्या अकलेवर अजून चिडलेली आहे, पहिलवानाच्या नाही, माझ्या दोघांच्या.

भावजी ताट वर न्यायला लागले. जिना तोच, नळ तोच, पण दोघं एकमेकांना दिसेनासे झाले. मग बांगलादेशशी तिकडे सामना झाला. टीव्ही कुणी लावला नाही. आपण तोही हरलो आणि गटात तळाला राहिलो.

प्लास्टर निघालं तेव्हा करंगळी बाहेरच्या बाजूला फाकलेली राहिली, आत येईना. डॉक्टर म्हणाले, आता असंच. हे म्हणाले, चालेल. थंडीत पाठ पुन्हा सुरू झाला. नवी मुलंही आली होती, स्वर नुकतेच शिकणारी. मी दाराशी भाजी निवडत होते. हे मंत्र म्हणत होते, हात वर, खाली, बाजूला जात होता. मुलं मागून म्हणत होती. मग मधेच हे थांबले आणि पुढच्या मुलावर खेकसले, "करंगळी आत घे." मुलाने आत घेतली. पुढच्या मंत्राला ती पुन्हा बाहेर. यांनी डाव्या हाताने त्याच्या डोक्यात टपली मारली. मुलाने गुरुजींच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

मग यांनी सगळ्यांचे हात पाहिले. मीही पाहिले. नव्या मुलांच्या सगळ्या करंगळ्या बाहेर फाकलेल्या होत्या. किती मन लावून शिकली होती बिचारी. मी मेथी बाजूला ठेवली. भावाच्या तोंडावर मारलेला तो ठोसा आता या हातांवरून आणखी कुणाच्या हातांवर जाणार होता, आणि ते त्याला वेद समजणार होते.

हे उठले आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा जिना चढले. मी मागोमाग गेले, हाताला येईल ती कळशी घेऊन.

भावजी दाढी करत होते. हे दारातच उभे राहिले. "उद्या सकाळी खाली ये. मी म्हणीन, तू हात दाखव."

भावजींनी आरशातूनच पाहिलं. दात गेल्यापासून त्यांचा स तोंडातून निसटतो. "दादा, चाळीस साल झाले. मला काय आठवणार?"

यांनी तिथेच मंत्र सुरू केला. भावजींच्या गालाला साबण तसाच होता. त्यांनी वस्तरा खाली ठेवला आणि त्यांचा उजवा हात आपोआप उठला. वर, खाली, बाजूला, बोटं जुळलेली. थेट सासऱ्यांचा हात. तिसऱ्या ओळीला तो चुकला, आणि यांची डावी मूठ त्यांच्या खांद्यावर बसली. मी कळशी उचलली.

भावजींनी खांदा चोळला. "फिर से बोल," ते म्हणाले.

आता रोज सकाळी खालच्या खोलीत दोघं शेजारी बसतात. हे म्हणतात, भावजी हात दाखवतात, मुलं भावजींच्या हाताकडे बघतात. आणि माझा नवरा आपला उजवा हात उपरण्याखाली झाकून ठेवतो.