करीमसरांचा बिनआवाजाचा तास

इंग्रजीचा तास सुरू झाला की करीमसर दोघांना फळ्यापुढं उभं करायचे आणि एकाच्या डोक्यावर स्वतःची पुस्तकांची जड पिशवी ठेवायचे. आम्ही सोनपेठची पोरं, कुणी शेतातून तर कुणी मेंढरांमागून शाळेत आलेली. इंग्रजी शब्द सपाट वाचून मोकळे व्हायचो. सर वैतागायचे. "सगळ्या अक्षरांला सारखीच भाकर कायकू वाढायलाव रे? इंग्रजीत एकालाच पोटभर, बाकीच्यांला घासभर." त्यांची मराठी अशीच होती. ते निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. संस्थान विलीन झालं, शाळा मराठी झाली, तेव्हा भरल्या वयात बाराखडी गिरवायला बसले.

ज्याच्या डोक्यावर पिशवी, त्या अक्षरावर जोर. 'ऑब्जेक्ट' शब्द आला की वर्गातला पांडू म्हणजे 'ऑब', मी म्हणजे 'जेक्ट'. पिशवी पांडूच्या डोक्यावर असली की त्या शब्दाचा अर्थ वस्तू. माझ्या डोक्यावर आली की तोच शब्द हरकत घ्यायला उठायचा. अक्षरं तीच, नुसता भार सरकला आणि अर्थ पालटला! मी थक्कच झाले. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "लय शिकवायलेत गं तुजे मास्तर."

मी आठवीत असताना सरांच्या घशात गाठ निघाली. हैदराबादेत ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज मात्र कायमचा गेला. महिन्याभरानं सर वर्गावर आले तेव्हा हेडमास्तर आमच्यादेखत म्हणाले, "आवाजाशिवाय इंग्रजी कशी शिकवणार, करीमसाब? तपासणीचे साहेब येतील, ते काय ते ठरवतील." त्यांचं चूक नव्हतं म्हणा, पण मला असा राग आला की काय सांगू. सरांनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, 'शिकवणंच सुटलं तर मी वाचलो कशाला?'

साहेब आले. त्यांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं, त्यात 'रेकॉर्ड' हा शब्द दोनदा. रेकॉर्ड म्हणजे नोंद एवढं कानावरून गेलेलं, पण जोर कुठं द्यायचा ते आम्ही कधी शिकलो नव्हतो. सरांनी पांडूला आणि मला पुढं बोलावलं, पांडू 'रे', मी 'कॉर्ड'. पहिल्या 'रेकॉर्ड'ला पिशवी माझ्या डोक्यावर ठेवली, दुसऱ्याला पांडूच्या. वर्गानं वाक्य वाचलं. भार जिथं, जोर तिथं. एकही पोरगं चुकलं नाही. साहेबांनी अर्थ विचारला. मागच्या बाकावरची गंगू उठून म्हणाली, "पयला म्हंजे नोंद करनं, दुसरा म्हंजे नोंद."

साहेब खुर्चीतून उठले. तोंडातून शब्द न काढता या माणसानं वर्गाला बोलतं केलं होतं, आणि ते मी डोळ्यांनी पाहत होते. आजही सांगताना अंगावर काटा येतो. साहेब हेडमास्तरांना एवढंच म्हणाले, "हे इथंच राहतील."

सर टेबलाला धरून खाली बसले. खांदे गदगदा हलत होते, पण रडण्याचा आवाज नव्हता. कुणी न सांगता सगळा वर्ग उभा राहिला.